हाऊस कुठलं, कुणाचं?

‘हाऊस म्युझिक’ हा शब्द आता पुण्यातल्या कोरेगाव पार्कपासून गोव्यातल्या वागातोरपर्यंत जाहिरातींच्या फलकांवर सर्रास दिसतो. डीप हाऊस, टेक हाऊस, अ‍ॅफ्रो हाऊस ही त्याची पोटनावंही तरुणांना समजावून सांगावी लागत नाहीत. पण हे हाऊस कुठलं, असं विचारलं की चार जाणकार चार उत्तरं देतात आणि चारही उत्तरं ते संगीत घडवणाऱ्यांच्या तोंडची असतात. माझ्या मनात या प्रश्नाच्या दोन बाजू बराच काळ एकमेकींशी भांडत आहेत. त्यांना इथे दोन माणसांची तोंडं दिली आहेत. एक मावशी, जिची उमेदीची वर्षं शब्दकोशाच्या कामात गेली. दुसरा तिचा भाचा, जो क्लबमध्ये रेकॉर्ड वाजवतो.

भाचा : यात वाद घालण्यासारखं काही नाही, मावशी. शिकागोत 206 साउथ जेफरसन स्ट्रीटवर ‘वेअरहाऊस’ नावाचा क्लब होता. 1977 मध्ये न्यूयॉर्कहून फ्रँकी नकल्स तिथे रेकॉर्ड वाजवायला आला आणि 1982 पर्यंत राहिला. त्या वेअरहाऊसमधलं ‘वेअर’ गळलं आणि ‘हाऊस’ उरलं.

मावशी : गळलं म्हणतोस, पण कुठे गळलं? तोंडातून की पाटीवरून? आणि जे उरलं ते जागेचं नाव होतं की संगीताचं? एवढं कळल्याशिवाय आम्ही कोशात ‘अमुकवरून’ असं लिहीत नाही. दोन शब्द सारखे वाजतात एवढ्यावर नातं जुळवणाऱ्यांनी व्युत्पत्तीचा फार घोळ घातला आहे.

भाचा : तोंडातूनही आणि पाटीवरूनही. मुळात ‘वेअरहाऊस’ हे नावसुद्धा मालकाने ठेवलेलं नव्हतं. रॉबर्ट विल्यम्स जी जागा चालवत होता तिचं नाव यू. एस. स्टुडिओ. तीन मजल्यांची जुनी औद्योगिक इमारत, म्हणून येणारेच तिला वेअरहाऊस म्हणायला लागले. शनिवारी रात्री सुरू झालेला नाच रविवारी दुपारपर्यंत चालायचा. दारू नाही, फळांचा रस आणि पाणी. येणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, आणि त्यातले बहुतेक समलिंगी. शहरातल्या अनेक क्लबांच्या दारातच त्यांना अडवलं जायचं. इथे त्यांना कुणी अडवत नव्हतं. ज्यांनी जागेला एकदा नाव दिलं, तेच पुढे ते तोंडात बसेल असं छोटं करतील, यात नवल काय?

मावशी : नवल नाही, पण हे तू तर्काने सांगतोस. पाटीचं सांग.

भाचा : शिकागोत ‘इम्पोर्ट्स एटसेटरा’ नावाचं रेकॉर्डचं दुकान होतं. शनिवारी वेअरहाऊसमध्ये नाचून आलेली माणसं आठवडाभर तिथे यायची आणि नकल्सने वाजवलेली अमकी रेकॉर्ड आहे का, म्हणून विचारायची. दुकानाने अशा रेकॉर्डी वेगळ्या काढून त्या खणावर चिठ्ठी लावली : वेअरहाऊसमध्ये ऐकलेलं. ती चिठ्ठी लहान होत होत नुसती ‘हाऊस’ झाली. हे सांगणारा चिप ई तेव्हा त्या दुकानात कामाला होता आणि नंतर स्वतः या संगीताचा निर्माता झाला. 1985 मध्ये त्याने जी रेकॉर्ड काढली तिच्या नावातच हाऊस आहे : ‘इट्स हाऊस’.

मावशी : हा पुरावा मला आवडला. दुकानदाराला व्युत्पत्तीशी देणंघेणं नसतं, त्याला माल खपवायचा असतो, म्हणून त्याच्या चिठ्ठीवर मी भरवसा ठेवीन. आता मला सांग, त्या खणात होतं काय? तू ज्याला आज हाऊस म्हणतोस ते होतं का?

भाचा : नाही. तेव्हा ते संगीत जन्मलंच नव्हतं. फिलाडेल्फियाचं सोल, न्यूयॉर्कच्या साल्सोल कंपनीचं डिस्को, युरोपातून आलेलं यंत्रांवरचं डिस्को, असं सगळं एकत्र. नकल्स त्यांची मांडणी बदलायचा. एरास्मो रिव्हेरा नावाचा त्याचा मित्र ध्वनिमुद्रणाचं तंत्र जाणणारा होता. दोघं मिळून गाण्यांच्या फिती कापून जोडायचे, ठेक्याचा भाग लांबवायचे, गाणं जिथे रंगात यायचं तिथे त्याला आणखी थोडा वेळ थांबवायचे. पण गाणी दुसऱ्यांचीच.

मावशी : म्हणजे शब्द आधी आणि संगीत नंतर. ‘हाऊस’ हे आधी एका आवडीचं नाव होतं. एका माणसाने एका जागेत निवडलेल्या जुन्या रेकॉर्डी, एवढाच त्याचा अर्थ. मग त्या नावाचं नवं संगीत झालं कसं?

भाचा : त्या नावामुळेच झालं. चिप ई सांगतो की चिठ्ठी लागल्यावर गिऱ्हाइकं नवा माल मागू लागली. पण नवं डिस्को येणार कुठून? 12 जुलै 1979 ला शिकागोच्याच कॉमिस्की पार्क मैदानावर बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्ये स्टीव्ह डाल नावाच्या रेडिओ निवेदकाने डिस्कोच्या रेकॉर्डींचा ढीग स्फोटाने उडवला. डिस्कोची रेकॉर्ड घेऊन येणाऱ्याला तिकीट 98 सेंटांना होतं. लोक मैदानात घुसले आणि दुसरा सामना सोडून द्यावा लागला. व्हिन्स लॉरेन्स हा कृष्णवर्णीय मुलगा त्या दिवशी तिथे प्रेक्षकांना जागा दाखवण्याच्या कामावर होता. त्याने पुढे सांगितलं आहे की उडवायला आणलेल्या रेकॉर्डींत नुसतं डिस्को नव्हतं, कृष्णवर्णीय गायकांचं इतर संगीतही होतं. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी डिस्कोतून हात काढून घेतला. खणावर चिठ्ठी होती, घ्यायला माणसं होती, आणि माल आटत चालला होता. म्हणून शिकागोतल्या पोरांनी स्वस्तातली ड्रम मशीनं आणि सिंथेसायझर घेऊन माल स्वतः तयार केला. 1984 मध्ये जेसी साँडर्सची ‘ऑन अँड ऑन’ आली. बहुतेक जण तिला पहिली हाऊस रेकॉर्ड मानतात. ती त्याने कुणाबरोबर केली माहीत आहे? त्याच व्हिन्स लॉरेन्सबरोबर.

मावशी : तो मैदानावरचा मुलगा?

भाचा : तोच.

मावशी : मग तुझा मुद्दा मला आता जास्त नीट दिसतो, पण त्याचबरोबर माझी शंकाही वाढते. तू एवढ्या खात्रीने वेअरहाऊसचं नाव घेतोस, पण त्या वेअरहाऊसमध्ये रेकॉर्ड वाजवणाऱ्याचं काय म्हणणं होतं?

भाचा : नकल्सचं?

मावशी : हो. त्याने मुलाखतींत सांगितलेली हकिगत मी वाचली आहे. 1981 च्या सुमाराला तो मित्राबरोबर गाडीतून शहराच्या साउथ साइडकडे चालला होता. वाटेत एका दारूच्या गुत्त्याच्या खिडकीत त्याला पाटी दिसली की इथे हाऊस म्युझिक वाजवलं जातं. त्याने मित्राला विचारलं, हे काय आहे? मित्र म्हणाला, तू वेअरहाऊसमध्ये वाजवतोस तेच. म्हणजे ज्याला तुम्ही या संगीताचा गॉडफादर म्हणता, त्याला हा शब्द रस्त्यावरच्या पाटीवरून कळला. आणि ती पाटी आपण लावली असं सांगणारा माणूसही आहे. लेनर्ड ‘रीमिक्स’ रॉय नावाचा साउथ साइडचा डीजे. त्याच्या मते ‘हाऊस’ म्हणजे घरात सापडणारं संगीत, त्याच्या आईकडच्या सोल आणि डिस्कोच्या रेकॉर्डी. वेअरहाऊसचा त्यात संबंधच नाही.

भाचा : तो दावा मला माहीत आहे. आणि मला तो खरंच बोचतो.

मावशी : बोचतो म्हणून खोटा होत नाही.

भाचा : बोचतो तो वेगळ्या कारणाने. घरातल्या आईच्या रेकॉर्डी म्हटलं की शब्द सोज्वळ होतो, कुटुंबात शोभतो. वेअरहाऊस म्हटलं की त्या समलिंगी पोरांचं नाव घ्यावं लागतं. या संगीताचा निर्माता लॅरी हर्डही म्हणतो की हे संगीत घरी यंत्रांवर बनवलं जायचं म्हणून ते हाऊस. डेट्रॉइटचा हुआन अ‍ॅटकिन्स म्हणतो की एकेका क्लबच्या आपल्या खास रेकॉर्डी असायच्या, त्या ‘हाऊस’ रेकॉर्डी. ही सगळी थोर माणसं आहेत. हर्डचं ‘कॅन यू फील इट’ ऐकल्याशिवाय माझा आठवडा जात नाही. पण प्रत्येक नवी उपपत्ती आली की जेफरसन स्ट्रीटवरची ती इमारत आणखी थोडी मागे सरकते.

मावशी : हर्डची उपपत्ती तर काळाच्या कसोटीवरच पडते. घरी बनवलेल्या रेकॉर्डी 1984 पासूनच्या. शब्द 1981 मध्ये पाटीवर होता असं नकल्स आणि रॉय दोघंही सांगतात. नंतर जन्मलेल्या वस्तूवरून आधी रूढ झालेलं नाव पडत नाही. ‘घरी केलेलं’ हा अर्थ त्या शब्दाला मागाहून चिकटला. लोकांना त्यात आपलं खरं दिसलं म्हणून चिकटला आणि मी तो अर्थ कोशात देईन. पण अर्थ म्हणून देईन, उगम म्हणून नाही. अ‍ॅटकिन्सचीही अडचण आहे. वेअरहाऊसमधल्या रेकॉर्डी खास त्याच क्लबच्या असत्या तर त्या दुकानात मागायला कोण गेलं असतं?

भाचा : म्हणजे तू माझ्या बाजूने आलीस!

मावशी : रॉय अजून उभा आहे. त्याला तू बोच लागते म्हणून बाजूला करतोस. मी तसं करणार नाही.

इथे मी, लेखक म्हणून, मध्ये बोलतो. रॉयच्या दाव्याकडे मला नकल्सच्या हकिगतीतूनच पाहावंसं वाटतं. नकल्सने विचारल्यावर मित्राला उत्तर द्यायला क्षणभरही थांबावं लागलं नाही. त्या मित्राच्या कानात पाटीवरचा शब्द आणि जेफरसन स्ट्रीटवरचा क्लब आधीच जोडलेले होते. पाटी लावणाऱ्याच्या मनात आईच्या रेकॉर्डी असतीलही. वाचणाऱ्याच्या मनात वेअरहाऊस होतं. आणि शब्दाचा अर्थ लिहिणाऱ्याइतकाच वाचणाराही ठरवतो.

भाचा : मला आणखी एक पुरावा मांडायचा आहे. नकल्सचा जिवाभावाचा मित्र लॅरी लेवन. दोघंही न्यूयॉर्कचे, दोघंही ‘कॉन्टिनेन्टल बाथ्स’मध्ये वाजवत पुढे आले. वेअरहाऊसची जागा आधी लेवनला देऊ केली होती. तो न्यूयॉर्क सोडायला तयार नव्हता म्हणून नकल्स आला. लेवन जिथे राहिला तो क्लब म्हणजे किंग स्ट्रीटवरचा ‘पॅरडाइज गराज’. ती इमारत खरोखर गाड्या ठेवायची होती. आणि त्या क्लबमध्ये वाजणाऱ्या संगीताचं नाव काय पडलं? गराज. दोन मित्र, दोन शहरं, दोन इमारती, आणि इमारतींवरून पडलेली दोन संगीतांची नावं. गराजच्या बाबतीत कुणी म्हणत नाही की ते गाड्यांच्या शेडमध्ये बनवलं म्हणून गराज. तिथे क्लबचं नाव सगळे मान्य करतात. मग हाऊसच्याच बाबतीत एवढ्या पळवाटा का?

मावशी : हा युक्तिवाद जोरकस आहे. ‘डिस्को’सुद्धा जागेवरूनच आला. फ्रेंचात डिस्कोथेक म्हणजे रेकॉर्डींचा संग्रह, बिब्लिओथेक म्हणजे ग्रंथालय या शब्दाच्या वळणावर बनवलेला. मग रेकॉर्डी लावून नाचायची जागा, आणि शेवटी तिथलं संगीत. आणि आपल्याकडे काय वेगळं आहे? बैठकीची लावणी, फडाची लावणी. कुठे बसून म्हटली, कुठे उभं राहून नाचली, यावरून नावं पडली. नाचाचं संगीत श्रोत्यांशिवाय, जागेशिवाय नसतंच, म्हणून त्याला जागेचं नाव सहज चिकटतं. एवढं मी मान्य करते. ‘टेक्नो’चं मात्र तसं नाही ना?

भाचा : नाही, ते डेट्रॉइटच्या पोरांनी विचार करून घेतलेलं नाव. अ‍ॅल्विन टॉफलरचं ‘द थर्ड वेव्ह’ वाचून अ‍ॅटकिन्सला तो शब्द भावला. 1988 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांच्या संगीताचा संग्रह निघाला, त्याच्या नावात तो आल्यावर जगभर गेला.

मावशी : म्हणजे त्याला जन्मदाखला आहे. तुझ्या हाऊसला नाही.

भाचा : कारण हाऊस ज्यांच्या तोंडी होतं त्यांच्याकडे छापखाने नव्हते. मावशी, तू दाखला मागतेस तेव्हा मला राहवत नाही म्हणून बोलतो. मोल्सवर्थचा मराठी कोश 1831 चा. त्याला मदत करणारे बहुतेक ब्राह्मण पंडित होते. त्यांनी ज्या तोंडांतून शब्द ऐकले ते कोशात आले. फडावरच्या, पालावरच्या कुणाला जाऊन त्यांनी किती विचारलं असेल? शिकागोतही तेच. त्या क्लबमध्ये नाचलेल्यांपैकी अनेक जण एड्सच्या साथीत गेले. नकल्सनंतर ‘म्युझिक बॉक्स’ हा क्लब गाजवणारा रॉन हार्डी 1992 मध्ये गेला. त्याच वर्षी लॅरी लेवन गेला. साक्ष द्यायला जे उरले, त्यांचीच साक्ष कागदावर आली. मग आपण म्हणणार की पुरावा अपुरा आहे?

मावशी : तू म्हणतोस ते माझ्या धंद्याचं खरं दुखणं आहे, आणि ते मी हसण्यावारी नेणार नाही. कोशात न आलेला शब्द नसतोच असं मानणारे कोशकार मी पाहिले आहेत. मी तशी नाही. पण म्हणूनच मला खोट्या खात्रीची भीती वाटते. ज्यांचं आधीच कुणी लिहून ठेवलं नाही, त्यांच्या नावावर आपण आपल्या सोयीची गोष्ट चढवली, तर तीही त्यांच्यावर दुसऱ्यांदा केलेली जबरदस्ती होते. त्यांचा शब्द त्यांच्याच वाटेने शोधायचा. चिठ्ठ्या, कार्यक्रमांची हँडबिलं, रात्री टिपलेल्या कॅसेटी, दुकानात काम केलेल्या माणसाची आठवण. हेही दस्तऐवजच आहेत. मी छापील पुस्तकच आण असं म्हटलं नव्हतं.

भाचा : मग मला ती वाट तुला दाखवता येईल. वेअरहाऊसमध्ये साउथ साइडचा वेन विल्यम्स नावाचा तरुण डीजे जायचा. तिथे ऐकलेलं तो परत येऊन आपल्या वस्तीतल्या पोरांना वाजवून दाखवायचा. त्याचा ‘चोझन फ्यू’ नावाचा गट होता आणि जेसी साँडर्स त्यातलाच. त्यांचे नाच शाळांच्या सभागृहांत व्हायचे. मेंडेल कॅथलिक हायस्कूलमधले तर अजून लोकांच्या आठवणीत आहेत. ही पोरं बहुतेक समलिंगी नव्हती आणि त्यातल्या कित्येकांनी वेअरहाऊसचं दारही पाहिलं नसेल. पण शब्द त्यांनी उचलला. संगीतालाच नाही, कपड्यांना, चालण्याबोलण्याच्या ढंगालाही ती ‘हाऊस’ म्हणायला लागली. ‘तू एकदम हाऊस दिसतोस’ असं. 1981 मध्ये डब्ल्यूबीएमएक्स रेडिओवर ‘हॉट मिक्स फाइव्ह’ नावाचा डीजेंचा गट आला आणि उपनगरातल्या पोरांनाही ते घरबसल्या ऐकू येऊ लागलं.

मावशी : आता सांगतोस ते फार मोलाचं आहे! हे तू पहिल्यांदा का नाही सांगितलंस? तुझ्या पहिल्या वाक्यात वेअर गळलं आणि हाऊस उरलं, जसं पिकलं पान गळतं. इथे मला गाळणारी माणसं दिसतात. क्लबमध्ये जाणाऱ्यांना ‘वेअर’ची गरज नव्हती, कारण त्यांना जागा ठाऊक होती. साउथ साइडच्या पोरांना ‘वेअर’ची गरज नव्हती, कारण त्यांना जागेशी कर्तव्यच नव्हतं, फक्त संगीत हवं होतं. दोन उलट कारणांनी तेच ‘वेअर’ गळलं. आणि दुसऱ्या गळण्यातून ते संगीताचं नाव झालं. जागेच्या आतल्यांसाठी ते जागेचंच नाव राहिलं असतं.

भाचा : म्हणजे तू म्हणतेस की शब्द आपल्या माणसांपासून तुटला म्हणून नाव झाला.

मावशी : तुटला असं मी म्हणणार नाही. दुसऱ्यांच्या तोंडी गेला. शब्दाच्या वाट्याला हे येतंच. तुझ्याच धंद्याचा शब्द घे. तू स्वतःला डीजे म्हणवतोस, म्हणजे रेकॉर्ड निवडून वाजवणारा माणूस. गणपतीच्या दिवसांत आपल्या चौकात विचार, डीजे म्हणजे काय. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत. ‘डीजे आणला’, ‘डीजेवर बंदी’, ‘डीजेमुक्त मिरवणूक’, वर्तमानपत्रंही तसंच छापतात. तो अर्थ मराठीत पक्का बसला आहे. तुला तो चूक वाटेल, पण मी तो कोशात घालणार, कारण माणसं तो रोज वापरतात.

भाचा : वापरतात हे खरं. पण त्यातून माणूस गेला आणि यंत्र उरलं, याचं मला वाईट वाटतं. हाऊसमधून माणसं गेली तर तेच होईल. ते इंग्लंडमध्ये झालंच. फार्ली ‘जॅकमास्टर’ फंकचं ‘लव्ह कान्ट टर्न अराउंड’ 1986 मध्ये तिथल्या पहिल्या दहांत गेलं, जानेवारी 1987 मध्ये स्टीव्ह ‘सिल्क’ हर्लीचं ‘जॅक युअर बॉडी’ पहिल्या क्रमांकावर पोचलं. तिथल्या पोरांनी या संगीतावर जीव टाकला, त्याबद्दल मला आदरच आहे. पण त्यांना हाऊस म्हणजे शिकागोहून आलेला माल एवढंच ठाऊक होतं. कुठल्या शनिवारी, कोण घामाघूम होऊन नाचत होतं, हे पाकिटावर लिहिलेलं नव्हतं.

मावशी : बरं, आता तुला जरा अवघड जागी नेते. तुझ्या न्यायाने शब्दाबरोबर माणसं चालायला हवीत. मग ‘अ‍ॅसिड हाऊस’चं काय? ते आपल्या मुंबईत जन्मलं असं मी वाचलं आहे.

भाचा : चरणजित सिंग. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारा मोठा वादक. 1982 मध्ये एचएमव्हीने त्यांची ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही रेकॉर्ड काढली. जपानच्या रोलंड कंपनीची तीन यंत्रं, ज्युपिटर-8, टीआर-808 आणि टीबी-303, त्यांनी एकत्र जुळवली, तबला काढून टाकला, आणि डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवले. तेव्हा रेकॉर्ड खपली नाही. 2002 मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाच्या हाती ती दिल्लीत लागली आणि 2010 मध्ये त्याने ती पुन्हा काढली. ऐकणारे थक्क झाले, कारण पाच वर्षांनी शिकागोत जे अ‍ॅसिड म्हणून निघालं त्याच्याशी ते विलक्षण जुळत होतं. टीबी-303 हे यंत्र खरं तर एकट्या गिटारवाल्याला बास वाजवणाऱ्याची सोबत म्हणून काढलेलं. त्या कामात ते फसलं आणि 1984 मध्ये बंद पडलं. शिकागोतल्या ‘फ्यूचर’ गटाच्या पोरांनी ते जुनं घेऊन त्याच्या खुंट्या वाजता वाजता पिळल्या, आणि तो वळवळता, किंचाळणारा आवाज सापडला.

मावशी : मग पाच वर्षं आधीचं कुणाचं?

भाचा : आवाज आधी चरणजितजींचा, यात मला तिळमात्र शंका नाही, आणि मुंबईने त्यांचा मान त्यांच्या हयातीत, 2015 मध्ये ते जाण्याआधी, फार उशिरा केला याचं वाईट वाटतं. पण अ‍ॅसिड हा शब्द त्यांचा नाही. फ्यूचरने आपली कॅसेट रॉन हार्डीला नेऊन दिली. म्युझिक बॉक्समध्ये त्याने ती लावली तेव्हा लोक नाच सोडून बाजूला झाले. त्याने त्याच रात्री ती पुन्हा लावली, आणि पुन्हा, आणि चौथ्या वेळी अख्खं सभागृह वेडं झालं. नाव त्या नाचणाऱ्यांनी पाडलं. 1987 मध्ये रेकॉर्ड निघाली ती ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ म्हणून. त्या अ‍ॅसिडचा अर्थ एलएसडी, की त्या आवाजाची आंबट झोंबणारी चव, यावर अजून भांडतात. पण ते भांडण त्या सभागृहातलं आहे. मुंबईत स्टुडिओ होता, कलावंत होता, यंत्रं होती. ते ऐकून रात्रभर नाचणारी आणि त्याला हाक मारायला नाव शोधणारी माणसं नव्हती.

मावशी : हेच मला तुझ्या तोंडून हवं होतं. कारण यातून तुझंच म्हणणं थोडं बदलतं. तू सुरुवातीला इमारत दाखवत होतास. आता माणसं दाखवतोस.

भाचा : इमारत म्हणजे माणसंच, मावशी.

मावशी : नाही. इमारत मालकाची असते, नाव तिथे येणाऱ्यांचं. तूच सांगितलंस, यू. एस. स्टुडिओचं वेअरहाऊस कुणी केलं. कागद दे मला. माझ्या पद्धतीने नोंद करते. हाऊस, नाम, नपुंसकलिंगी. 1980 च्या दशकात शिकागोत रूढ झालेलं नृत्यसंगीत. आता उगम. वेअरहाऊस या क्लबच्या नावाचा संक्षेप. कृष्णवर्णीय व लॅटिनो समलिंगी नर्तकांच्या बोलण्यातून, रेकॉर्डच्या दुकानातील चिठ्ठ्यांवरून आणि साउथ साइडच्या तरुणांमार्फत रूढ. ‘घरी केलेलं संगीत’ हा अर्थ नंतरचा. साउथ साइडच्या एका डीजेने ‘आईच्या घरातील रेकॉर्डी’ असा स्वतंत्र उगम सांगितला आहे.

भाचा : रॉयला ठेवलंस.

मावशी : ठेवलं, आणि ठेवणार. त्याच्या घरातल्या रेकॉर्डी आणि नकल्सच्या पेटीतल्या रेकॉर्डी बहुधा त्याच होत्या. त्याची आठवण खोटी म्हणायला माझ्यापाशी काही नाही. तुला तेवढं सोसावं लागेल.

भाचा : सोसतो. पण ‘समलिंगी’ हा शब्द राहू दे. असे शब्द छपाईला जाताना गळतात. जागा कमी पडते, कुणी म्हणतं की संगीताच्या नोंदीत याची काय गरज. वेअर गळलं तसंच.

मावशी : 2004 मध्ये शिकागोने जेफरसन स्ट्रीटच्या त्या तुकड्याला नकल्सचं नाव दिलं. 2014 मध्ये तो गेला. 2023 मध्ये शहराने ती इमारत संरक्षित वारसा म्हणून जाहीर केली. एक अख्खं शहर ती जागा जपायला तयार असेल, तर माझ्या नोंदीत एका शब्दाला जागा नक्की आहे. नोंदीत काटछाट करायची वेळ आली तर ‘नृत्यसंगीत’च्या आधीची विशेषणं काढीन. हा शब्द काढणार नाही.